चित्र सामाईक, आवाज विभक्त

कुटुंबात वाद निर्माण झाल्यास तो सामोपचाराने मिटवावा आणि सामोपचार शक्य नसल्यास रीतसर मिटवावा, हे माझं मत तहसील कचेरीच्या नोकरीत पक्कं झालं. अव्वल कारकून म्हणून मी निवृत्त झालो, पण गावाने मला निवृत्त होऊ दिलं नाही. कुणी बांध कोरला, कुणाची फांदी पलीकडे गेली, कुणाची कोंबडी शेजाऱ्याच्या घरात अंडं घालून आली, की माणसं माझ्या दारात उभी राहतात आणि "भाऊसाहेब, आता तुमीच काय ते सांगा," म्हणतात. मी सांगतो. त्याने वाद मिटतातच असं नाही, पण त्यांना व्यवस्थित वळण लागतं.

सुभेदार जोतिबांच्या घरातलं प्रकरण याच रीतीने माझ्याकडे आलं.

त्यांचं घर माझ्या अंगणाच्या पाठीला आहे. घराचं तोंड पलीकडच्या रस्त्याला, आणि तिन्ही मुलांच्या खोल्यांच्या मागच्या खिडक्या माझ्या अंगणाकडे. जोतिबा तोफखान्यात होते. डावा कान त्यांनी देशाला दिला आणि उजवा घेऊन ते गावी परतले. तेव्हापासून त्यांची बायको लीलाबाई कायम त्यांच्या उजव्या हाताला बसतात. थोरला दादासो ऊस आणि म्हशी बघतो. मधला कृष्णात साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहे. धाकटा शिवतेज डिप्लोमा करून कराडला नोकरीला जातो. घरात शिधापत्रिका एक आणि चूल एक, म्हणून सरकारच्या आणि गावाच्या लेखी ते एकत्र कुटुंब. प्रत्यक्षात संध्याकाळी एका चुलीवरची ताटं तीन खोल्यांत जात आणि तिन्ही दारांना आतून कडी लागे. भांडण नव्हतं. भांडायला तरी समोरासमोर यावं लागतं.

जोतिबांच्या मनाला हे लागलं होतं. फौजेत असताना त्यांनी एकदा साहेबांच्या मेसमध्ये होम थिएटर पाहिलं होतं. सिनेमा कोणता होता ते त्यांना आठवत नसे.

"भाऊसाहेब," ते मला म्हणाले, "एकमेकाचं तोंड न बघणारं आफसर, पर तीन तास एका खोलीत बसलं. कुणी उठलं न्हाई, कुणी कुणाला टाकून बोललं न्हाई. बिलकुल चुपचाप. तसली मशीन मला पायजे. माजी तीन पोरं एका खोलीत बसल्याली मला एकदा बघायची हायत."

एवढंच त्यांना हवं होतं. या कथेत पुढे जे घडलं, ते सगळं या एका मागणीच्या पूर्ततेसाठी घडलं, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

१९९९ सालच्या दिवाळीआधी आम्ही सांगलीला गेलो. जोतिबा, तिघे मुलगे आणि सल्लागार म्हणून मी. दुकानदार मुकुल हा तरुण, चुणचुणीत आणि भलताच प्रामाणिक माणूस होता, त्यामुळे सगळा घोटाळा झाला. त्याने मोठा टीव्ही दाखवला, डीव्हीडी दाखवली, आवाजाची पेटी दाखवली आणि पेटीला जोडायचे सहा डबे, म्हणजे स्पीकर, ओळीने मांडले. पुढचे दोन, मागचे दोन, टीव्हीखाली ठेवायचा मधला एक आणि जमिनीवर ठेवायचा सबवूफर. सगळं ठरलं. मग त्याने विचारलं, "कनेक्शन कोणतं देऊ?"

"म्हंजे?" दादासो म्हणाला.

"डीव्हीडीतून आवाज पेटीत न्यायला वायर लागते. ही लाल-पांढरी, साधी. हिच्यातून दोनच आवाज जातात, डावा आणि उजवा. ही तांब्याची जाड वायर आणि ही ऑप्टिकल. या दोन्हींतून सहाही डब्यांना आपापला वेगळा आवाज मिळतो. ऑप्टिकलमध्ये तर वीजसुद्धा नाही, नुसता उजेड जातो."

"उजेड जातोय, मग आवाज कुठनं जायाचा?"

"उजेडाचाच पुढे आवाज होतो."

दादासोने ती वायर बोटांत दाबून पाहिली. "पोकळ बी न्हाई ही. आमच्या पाणी योजनेची पाइप केवढी जाड हाय, तरी टोकाच्या रानाला पाणी पोचत न्हाई. ह्या दोऱ्यातनं सहा डबं भरायचं व्हय?"

कृष्णातने ती तळहातावर तोलली. "वजनच न्हाई की रं हिला."

जोतिबांनी उजवा कान पुढे केला. "पोरा, समद्यास्नी एकासारखं ऐकू यील, आशी कंची?"

"तशी लाल-पांढरी चालेल. पण त्यात मजा नाही, काका. गोळी सुटली तर ती कानामागून गेली पाहिजे. कोण कुठून बोलतंय, दार कुठे वाजलं, पाऊस कुठे पडतोय, सगळं कसं वेगळं वेगळं यायला हवं."

"घरात आधीच समदं येगळं येगळं हाय," जोतिबा म्हणाले. "साधी द्या."

इथे शिवतेज पुढे झाला. "आबा, एवढं सगळं घेतोय आणि वायरीत मागं सरायचं? क्वालिटी म्हणून काही हाय का न्हाई?"

क्वालिटी हा शब्द त्या वर्षी आमच्या भागात नवीन आला होता आणि सत्यनारायणाच्या प्रसादासारखा होता. नको म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. उसाला क्वालिटी, शाळेला क्वालिटी, लग्नातल्या मांडवाला क्वालिटी. मीही मान डोलावली. ऑप्टिकल ठरली. लाल-पांढरी खोक्यात फुकटच होती. ती जोतिबांनी गुपचूप खिशात घातली.

दिवाळीच्या पाडव्याला घराच्या पुढच्या सोप्यात सगळं मांडून झालं. शिवतेजने दोन दिवस टेप घेऊन जमीन मोजली. सगळे डबे आपापला आवाज जिथे बरोबर एकत्र आणतात, अशी घरात एकच जागा निघाली आणि तिथे एकच खुर्ची बसत होती. बाकी ठिकाणी बसलं तर ऐकू येई, पण डिप्लोमाच्या मते ते ऐकणं नव्हे.

जोतिबांनी लीलाबाईंना त्या खुर्चीवर बसवलं. तिघे मुलगे, तिन्ही सुना, नातवंडं भोवती सतरंजीवर बसली. जोतिबा दाराशी उभे राहून पडद्याकडे न बघता माणसांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आजवर निकाल बाजूने लागलेल्या पक्षकाराच्याही चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. हे साधारण नायिका छत्री उघडेपर्यंत टिकलं.

छत्री उघडली आणि लीलाबाई उठल्या. "आगं बया, दूध वर ठिवलंय," म्हणून त्या आत पळाल्या.

खुर्ची रिकामी झाली. दादासो थोरला म्हणून उठला. शिवतेज ती जागा आपण शोधली म्हणून उठला. कृष्णात कुणी आपल्याला विचारलं नाही म्हणून उठला. खुर्चीला तीन बाजूंनी सहा हात लागले. पडद्यावर पाऊस चालू होता आणि तो खरंच मागून पडत होता, पण तो ऐकायला कुणी जागेवर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघेही माझ्या दारात होते.

विहीर सामाईक असली की पाण्याची पाळी ठरते. त्याच धर्तीवर मी खुर्चीची पाळी ठरवून दिली. पहिला भाग थोरल्याचा, मधला कृष्णातचा, शेवट शिवतेजचा. ही न्याय्य योजना होती. पण पहिल्याच आठवड्यात कृष्णातच्या पाळीत वीज गेली आणि वाया गेलेली पाळी भरून मिळावी असा त्याने हक्क सांगितला. दादासो म्हणाला, पाण्याच्या पाळीत वीज गेली तर ज्याची गेली त्याची गेली, हीच गावची वहिवाट हाय. शिवतेजचं म्हणणं, शेवटात नुसती मारामारीच असते, गाणी सगळी पहिल्या भागात दादाकडं जातात. तिघांचंही बरोबर होतं. अशा वेळी कायद्यापुढे एकच मार्ग उरतो, आणि तो म्हणजे वाटणी.

"माज्या जित्यापणी वाटणी न्हाई," जोतिबा म्हणाले.

मी त्यांची समजूत काढली. "सुभेदार, जमिनीची नाही, घराची नाही. नुसत्या आवाजाची. चूल एकच राहील, शिधापत्रिका एकच राहील. चित्र तर तोडता येत नाही, ते विहिरीसारखं सामाईक राहील, तुमच्या सोप्यात. फक्त आवाज विभक्त होईल."

जोतिबांनी डावा कान माझ्याकडे केला. ही त्यांची नाराजी व्यक्त करण्याची पद्धत होती. पण बहुमत झालं होतं.

आमच्याकडे वाटणीची जुनी रीत आहे. थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं, म्हणजे वाटे करणारा लबाडी करत नाही. दादासोपुढे प्रश्न पडला की सहा डब्यांचे तीन सारखे वाटे करायचे कशावरून? शिवतेज घसा कोरडा होईपर्यंत सांगत होता की प्रत्येक डब्याचं काम निराळं आहे. पण कृष्णात दहा वर्षं वजनकाट्यावर बसलेला माणूस. त्याने एका वाक्यात तोड काढली.

"कारखान्यात ऊस गोड का आळणी, कुणी बगतं का? वजन बगत्यात. काटा आना."

गोठ्यातून पेंड तोलायचा काटा आला. आंबोणाचा वास येणाऱ्या त्या पारड्यात सांगलीची क्वालिटी तोलली गेली. एकटा सबवूफर एवढा जड भरला, की तो एक पूर्ण वाटा झाला. पुढचे दोन मिळून दुसरा वाटा. मधला आणि मागचे दोन असे तीन हलके डबे मिळून तिसरा. थोडा फरक राहिला तो भरून काढायला तिसऱ्या वाट्यावर रिमोट ठेवला.

शिवतेजने शिकलेला असल्यामुळे पुढचे दोन उचलले. संगीत तिथून येतं, हे त्याला ठाऊक होतं. कृष्णातने क्षणभरही न थांबता सबवूफरला मिठी मारली, कारण जे जड ते जास्त, यावर त्याची दहा वर्षांची श्रद्धा होती. उरलेलं रिमोटसह दादासोला गेलं. मी पंच म्हणून सही केली आणि माझ्याकडे पेढे आले.

मग वायरी ओढण्याचं काम निघालं. आवाजाची पेटी सोप्यात आणि डबे तीन खोल्यांत. कृष्णातची वायर दादासोच्या खोलीतून गेल्याशिवाय त्याच्या खोलीत पोचत नव्हती. दादासोची बायको म्हणाली, "माज्या डोस्क्यावरनं कुणाची वायर जाऊ द्याची न्हाई." मी दुसऱ्याच्या रानातून बैलगाडी नेण्याच्या हक्काचा आधार घेतला आणि वायरीला वहिवाट मंजूर केली. बाईंनीही मग वहिवाटीवर भाकरीचं फडकं वाळत घालण्याचा हक्क मागितला आणि मिळवला. फडकं ओलं असलं की कृष्णात मध्यरात्री तक्रार घेऊन येई, की ओलीमुळे आपला आवाज पातळ होतोय.

पण खरी अडचण पुढेच होती. ऑप्टिकल वायर आपलं काम चोख करत होती.

सिनेमात माणसं जे काही बोलतात, ते जवळजवळ सगळं मधल्या डब्यातून येतं, आणि मधला डबा दादासोकडे. त्याच्या खोलीत दिवसभर माणसं शपथा घेत, रडत, प्रेमात पडत, पण मागे वाजंत्री म्हणून नुसता वारा आणि कुणाच्या तरी पावलांचा आवाज. शिवतेजकडे सतार, बासरी, व्हायोलिन, पण कुणाचं लग्न मोडलं म्हणून ती वाजतायत ते कळायला मार्ग नव्हता. त्याची बायको मयूरी मारामारीलाही एकदा डोळे पुसताना दिसली. आणि कृष्णातच्या वाट्याला नुसतं धम्म, मग बराच वेळ काही नाही, मग धम्म धम्म. फडताळातली भांडी वाजत, भिंतीवरचं घड्याळ पडलं, भिंतीला लागून बांधलेली म्हैस आटली.

"भाऊसाहेब," कृष्णात माझ्याकडे येऊन म्हणाला, "माज्या वाट्यात शबुद न्हाईत."

"वाट्यात शब्द असतील, अशी हमी कुणी दिली होती?"

"पर वजन समदं माज्याकडंच आलंय की! मग बोलतंय कोन तिकडं?"

मी त्याला समजावलं की वाटणी 'जशी आहे तशी' तत्त्वावर झालेली आहे आणि म्हैस आटण्याचा मुद्दा वेगळा दाखल करावा लागेल. तो गेला. जाताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते कोणत्या प्रसंगावरचं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

याच सुमारास तालुक्याच्या एका सेवाभावी मंडळाने 'आदर्श एकत्र कुटुंब' असा पुरस्कार काढला. निकष एकच. शिधापत्रिका एक हवी. जोतिबांचं घर त्यात बसलं. मंडळाचे लोक हार, नारळ आणि फोटोवाला घेऊन आले. दुपारची वेळ होती, सिनेमा चालू होता. मंडळी सोप्यात बसली. समोर केवढा मोठा टीव्ही, त्यावर एक माणूस तोंडाचा आ करून ओरडतोय, दोन गाड्या एकमेकींवर आदळतायत, इमारत कोसळतेय, आणि खोलीत टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता.

अध्यक्ष भारावले. "तीन भाऊ, तीन सुना, पण घरात आवाज नाही," ते भाषणात म्हणाले. "आज समाजाला या शांततेची गरज आहे."

जोतिबांच्या गळ्यात हार पडला. लीलाबाई त्यांच्या उजव्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होत्या. मला वाटलं भाषण सांगतायत. जवळ गेलो तर त्या पडद्यावरच्या माणसांच्या ओठांकडे बघून मनानेच संवाद रचत होत्या.

"त्यो म्हनतोय, आई, चल घरला. ती म्हनतीया, तू आदी जेवून घे."

"आनि इमारत कशापायी पडली?" जोतिबांनी विचारलं.

"जुनी झालीवती."

आता माझ्या अंगणाबद्दल सांगायला हवं. वाटणीनंतर महिनाभराने माझ्या लक्षात आलं, की संध्याकाळी माझ्या अंगणात आवळ्याखाली उभं राहिलं की तिन्ही खिडक्यांतून येणारे आवाज तिथे बरोबर एकत्र येतात. दादासोच्या खिडकीतून बोलणं, शिवतेजच्या खिडकीतून व्हायोलिन, कृष्णातच्या भिंतीतून धम्म. शिवतेजने टेप लावून घरात शोधलेली ती जागा वाटणीमुळे सरकून माझ्या आवळ्याखाली आली होती. तिथे अख्खा सिनेमा ऐकू येई, फक्त दिसत नसे.

गोष्ट बाहेर फुटायला वेळ लागला नाही. आधी शेजारचा केरबा तंबाखूच्या निमित्ताने आला आणि शेवटापर्यंत थांबला. मग बायका वाती वळायला येऊ लागल्या. आणि मग एका संध्याकाळी कृष्णात आला. आपल्या धम्मला पुढेमागे काय असतं ते त्याला एकदा ऐकायचं होतं. तो घोंगडं टाकून बसला. थोड्या वेळाने शिवतेज आला. बासरी कुणासाठी वाजते याचा छडा त्याला लावायचा होता. दादासो सगळ्यांत शेवटी आला. तो म्हणाला, "माज्याकडं मानसं लय बोलत्यात गड्या, पर जरा बी मजा येत न्हाई." घोंगडं एकच होतं. कृष्णात सरकला, शिवतेज सरकला आणि दादासो मधे बसला. गोळी सुटली तेव्हा तिघांनीही एकदम मागे वळून पाहिलं आणि तिघंही हसले.

मी ओट्यावरून पाहत होतो. तेवढ्यात बोळातून जोतिबा आले. चपला हातात घेऊन आले होते. कोपऱ्याशी उभे राहून त्यांनी घोंगड्यावरच्या तीन पाठी पाहिल्या. मग माझ्याजवळ आले. आवाज हळू ठेवायचा होता, पण बहिऱ्या माणसाला हळू बोलणं जमत नाही.

"भाऊसाहेब, बसली की वो! तिघंबी एका घोंगड्यावर बसली!"

"बसली खरी."

"मग आता येवढं करा. टीव्ही हिकडं आनतो. त्या आवळ्याखाली ठिवू. चित्र बी आलं, आवाज बी आला, पोरं तर आलीच हायत. ही बी यील माज्या उजव्या अंगाला. रोज सांजच्याला घटकाभर. तुमाला तरास द्याचा न्हाई. निस्ती जागा द्या."

मागणी रास्त होती. मला स्वतःलाही ती आवडली, हे मी नमूद करतो. पण अंगण माझ्या एकट्याचं नाही. ते माझ्यात आणि माझा धाकटा भाऊ नाथाजी याच्यात सामाईक आहे. नाथाजी माझ्या भिंतीपलीकडे राहतो. सामाईक जागेत टीव्ही ठेवायचा म्हणजे सहहिस्सेदाराची ना-हरकत लागते. मी जोतिबांना तसं सांगितलं.

"मग घ्या की त्येंची हरकत का काय ती! भिताडापल्याड तर हाय. मारा हाक."

"हाक मारून ना-हरकत घेता येत नाही, सुभेदार. ती लेखी लागते."

"आवं, तुमचा सख्खा भाऊ हाय न्हवं त्यो?"

"म्हणूनच लेखी लागते."

मी आणि नाथाजी का बोलत नाही, हे जोतिबांनी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर मला नेमकं सांगताही आलं नसतं. काहीतरी पाटाच्या पाण्याचं होतं, किंवा कुणाच्या तरी बारशाचं. विषय इतका जुना आहे, की त्यात आता कुणाची बाजू कोणती होती तेही पुसट झालंय. पण कार्यपद्धती पक्की आहे. आम्ही रजिस्टर पोस्टाने बोलतो.

मी त्याच दिवशी अर्ज लिहिला आणि पोस्टात टाकला. गावचा पोस्टमन अर्जुना. पत्र तालुक्याला गेलं, शिक्के घेऊन परत आलं आणि अर्जुनाने ते माझ्या दारावरून नेऊन नाथाजीच्या दारात दिलं. थोड्या वेळाने तो माझ्याकडे आला.

"भाऊसाहेब, 'घेण्यास नकार' म्हनत्यात."

"कारण?"

"कारन द्याचं म्हटलं तर घ्यावं लागतंय की पत्र. त्ये घीनातच."

मी पुन्हा अर्ज केला. दरम्यान पौष लागला, अंगणात थंडी पडू लागली आणि घोंगड्यावरचे तिघे कुडकुडू लागले. शेवटी शिवतेजच्या डिप्लोम्याला सुचायचं ते सुचलं. जोतिबांच्या कोटाच्या खिशातून सांगलीची लाल-पांढरी वायर निघाली होती, म्हणजे लीलाबाईंनी धुवायला काढताना काढून ठेवली होती. शिवतेजने ऑप्टिकल उपटली, लाल-पांढरी लावली आणि पेटीवरचं एक बटण दाबलं. आता सबवूफर सोडून सगळ्या डब्यांतून एकच, अख्खा आवाज येऊ लागला. बोलणंही, बासरीही, पाऊसही. सगळा माल एकसारखा झाल्यावर दादासोने मोठ्या मनाने मागच्यातला एक डबा कृष्णातला देऊन टाकला. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. मी साक्षीदार होतो. सबवूफर गोठ्यात गेला आणि त्यावर पेंडेचं पोतं बसलं. मग तिघांनी कराडहून आपापल्या खोलीला एकेक टीव्हीही आणून त्याच डीव्हीडीला जोडला. म्हैससुद्धा दूध देऊ लागली.

वाद मिटला. तक्रार उरली नाही. पुरस्कार टिकला. संध्याकाळी चुलीवरची ताटं तीन खोल्यांत जातात आणि तिन्ही दारांना आतून कडी लागते. आवळ्याखाली आता कुणी येत नाही. कृष्णातचं घोंगडं तिथेच राहिलं होतं, ते मी घडी करून त्याच्या खिडकीत ठेवलं.

परवा जोतिबा आले. हातात ती बिनवजनाची ऑप्टिकल वायर होती, जानव्यासारखी गुंडाळलेली.

"भाऊसाहेब, तुमी कायदा जानता. ही परत लावायला लावता यील का?"

"कशासाठी? आता तर सगळ्यांना सगळं ऐकू येतंय."

"त्येच तर," जोतिबा म्हणाले. "थोडं कमी आलं असतं, तर पोरं भाईर आली असती."

मी म्हणालो, मिटलेलं प्रकरण पुन्हा उघडायला नवीन वाद लागतो. त्यांनी डावा कान माझ्याकडे केला आणि ते गेले. वायर ओट्यावरच राहिली.

माझा दुसरा अर्जही परत आला. मी तिसरा लिहायला बसलो. थंडीमुळे भिंतीला पाठ टेकून बसलो होतो. मजकूर मोठ्याने म्हणत लिहायची मला कचेरीपासूनची सवय आहे. "सहहिस्सेदार यांस विनंती की," एवढं म्हणून थांबलो, तर पलीकडून कुणीतरी खाकरलं. अगदी माझ्या पाठीशी. म्हणजे नाथाजीही त्याच जागी, त्याच भिंतीला टेकून बसला होता. किती वर्षं बसत असेल, मला माहीत नाही. मी पुढची ओळ आवाज न करता लिहिली, कारण पत्र पोचण्याआधी मजकूर फुटणं नियमात बसत नाही.

आता तुम्हाला सुभेदारांच्या पोरांचं हसू आलं असेल, आणि थोडं माझंही. हसा. मात्र जरा हळू हसा. तुम्ही हे ज्या भिंतीला टेकून वाचताय, तिच्या पलीकडे कोण बसलंय ते तुम्हाला माहीत आहे, आणि त्याला सगळं ऐकू जातंय.